पिल्लूवाले सर

"बाबा, नवीन जात मिळाली," असं म्हणत ठकूने वटवाघूळ त्यांच्या हातात ठेवलं.

धडधडीत थाप होती. ती काम करायची त्या संग्रहालयात एका फळबागेतल्या जाळ्यांतून आलेली बरणीभर वटवाघळं होती, सगळी नेहमीचीच. त्यातलं वरचं एक तिने उचललं, स्पिरिट निथळू दिलं आणि घरी आणलं. नीट बघितलंसुद्धा नाही. बघायचं काय त्यात? ही जात ती झोपेतही ओळखायची.

बाबा उशीला टेकून बसले होते. दृष्टी केव्हाच गेली होती. आजाराने अंगाचं पार चिपाड झालं होतं आणि डॉक्टरांनीही हात टेकले होते.

ठकूला थापा मारायची हौस नव्हती. बाबाही आयुष्यभर त्याच संग्रहालयात. उमेदीच्या काळात त्यांनी एक लहानसं, फळं खाणारं वटवाघूळ नवीन जात म्हणून जाहीर केलं. पुढे कुणीतरी दाखवून दिलं, की ही तर जुन्याच जातीची पिल्लं! पिल्लाच्या पंखातल्या बोटांचे सांधे कच्चे असतात, उजेडात धरले की कळतं; तेच बघायचं राहून गेलं होतं. तेव्हापासून ते 'पिल्लूवाले सर'. निवृत्तीच्या समारंभातही एका मेल्याने तो विनोद केलाच. एक तरी खरी जात आपल्या हातून ओळखली जावी, एवढंच त्यांना हवं होतं. ते आता कुठून व्हायला?

बाबांनी आधी पंख उलगडून सांधे चाचपले.

"पिल्लू नाही," ते म्हणाले. कुणी हसलं नाही.

मग त्यांनी त्याचं तोंड उघडं राहावं म्हणून कोंबलेला कापसाचा बोळा काढला आणि करंगळी टाळूवर फिरवली. या वटवाघळांच्या टाळूवर फळ चिरडायला आडव्या वळ्या असतात आणि जातीगणिक त्यांची मांडणी वेगळी. करंगळी मागेपुढे फिरत राहिली. ठकू नुसती त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती.

"मागची वळी मधोमध तुटलीय. अशी मी कधी पाहिली नाही. नवीनच आहे गं, ठकू!"

"मग मी काय सांगतेय मघापासून?"

"नाव मात्र मी ठेवणार हं. तुझ्या आईचं."

"माझं? वटवाघळाला?" आई दारातून म्हणाली. "एवढा संसार केला, त्याचं हेच बक्षीस का?"

बाबा खोकला येईपर्यंत हसले. आई मात्र स्वयंपाकघरात जाऊन रडली.

त्याच आठवड्यात ते गेले. इतका समाधानी चेहरा ठकूने कधी बघितला नव्हता. विद्युतदाहिनीत नेण्याआधी तिने ते वटवाघूळ रुमालात गुंडाळून त्यांच्या हाताशी ठेवलं. संग्रहालयात तशी ढिगाने होती.

"त्यांना कळलं असणार," घरी आल्यावर आई म्हणाली. "तुझं मन राखलं त्यांनी."

ठकूलाही तेच वाटत होतं. मरणाऱ्या माणसाला फसवायला गेलो आणि त्यानेच आपल्याला सांभाळून घेतलं, या विचाराने ती ढसाढसा रडली.

ती कामावर परतली, तर डीएनए तपासणारा लंबू दारातच उभा. चेहरा नुसता फुललेला.

"बाई, पार्टी द्या! फळबागेतल्या त्या बरणीतल्या प्रत्येक वटवाघळाचा मांसाचा कण मी मागेच काढून घेतला होता ना, त्याचे निकाल आले. सगळी नेहमीची, एक सोडून. ते एक कुठल्याच जातीत बसत नाही. एकदम नवीन!"

ठकू त्याला ओलांडून थेट बरणीपाशी गेली.

"बाग तर आता तोडलीय, दुसरं मिळायचं नाही. पण नाव द्यायला एक नमुना हातात असला की पुरे. आख्खी बरणी उपसली मी, तेवढं एकच सापडत नाहीये. तुम्ही घरी नेलंय ना?"