वामेंगचं मायलेज

“दाजी, खरं सांगा. तुमची गाडी डिझेल पिते की नुसता वास घेते?”

तूलू आपल्या पिकअपमधल्या कोबीच्या ढिगावर उभा राहून विचारत होता. खाली वामेंग त्याच्यासाठी दोर आवळत होता. त्याने वर पाहिलंच नाही. बायकोचा भाऊ म्हणजे थायलंडच्या डोंगरांतल्या आम्हा ह्मोंग लोकांत केवढा मानाचा माणूस! त्याच्याशी खोटं बोलताना जीभ जड होते. आणि वामेंग तर सुगीपासून खोटंच बोलत आला होता.

डोंगराखाली, लोमसाकच्या रस्त्याला नोप मिस्त्रीचं गॅरेज आहे. तो स्टिअरिंगखाली एक वायर खुपसतो, लॅपटॉपवर टकटक करतो आणि इंजिनाचं डोकंच बदलून टाकतो. याला म्हणायचं ट्यूनिंग. ताकद वाढेल आणि डिझेलही वाचेल, असं तो छातीवर हात ठेवून सांगतो. गावातून पहिली गाडी वामेंगने नेली. ताकद वाढली, उगाच नाही कशाला म्हणा. भरली पिकअप चढावर अशी उसळायची की मागचे धुरात काळेठिक्कर. पण डिझेल? ते काही वाचेना. हाताशी ताकद असली की पाय थोडाच ऐकतो!

इथेच सगळी पंचाईत झाली. सासऱ्याच्या घरी, नव्या भाताच्या जेवणावळीत, वामेंगने आधीच बढाई मारून ठेवली होती की आता एका टाकीत दोन टाक्यांचं काम होईल. चार पाहुण्यांसमोर बोललेला शब्द गिळायचा कसा? मग त्याने एक युक्ती काढली. डोंगराची वळणं संपली की खाली लांबच लांब, अंगावर न येणारा उतार लागतो. तिथे तो इंजिन बंद करायचा आणि गाडी पार पंपापर्यंत नुसती घरंगळू द्यायचा. डिझेल वाचलं. श्रेय ट्यूनिंगला गेलं. मग काय, अर्धा गाव नोपच्या दारात.

तूलूही गेला. ताकद आली तशी त्याने पिकअपची जाळी उंच करून घेतली. आता त्याचा कोबी केबिनच्याही वर माणूसभर चढायचा. मायलेज मात्र जिथल्या तिथे.

“आज नोपची गचांडीच धरतो,” तूलू खाली उडी मारत म्हणाला. “दाजींना दिलंस ते मला का नाही, म्हणतो. अजून वाढवून घेतो. फुटलं इंजिन तर फुटलं!”

“तुझा पायच जड रे,” वामेंगची बायको पाकू बांधावरून ओरडली. ती कोबीची वरची पानं कोयत्याने उडवत होती. “आमच्या यांच्यासारखी चालवून बघ जरा.”

तूलू हसला. वामेंगच्या कानशिलांना चटका बसला. बायको भावासमोर आपली थोरवी सांगते आणि ती थोरवी साफ खोटी! शिवाय बिचारा नोप फुकट मार खाणार, आणि हा पठ्ठ्या खरंच इंजिन फोडून घेणार. आता मात्र बोलायलाच हवं होतं.

धुकं शेतात उतरलं होतं. रस्ता ओला होता. शेताखालच्या घाटात, दुसऱ्या वळणावर, गेल्या थंडीत एक कोबीची गाडी खाली गेली. तिथे हरवलेल्या जिवाला हाका मारायला म्हाताऱ्या अजून अंडं आणि भात घेऊन जातात.

तूलू गाडीत बसला. वामेंग खिडकीपाशी गेला. पाकूला ऐकू जाऊ नये म्हणून अगदी हळू बोलला.

“नोपचा दोष नाही. ट्यूनिंगने काहीच वाचत नाही. मी उताराला इंजिन बंद करतो.”

तो शिवीची वाट बघत राहिला. तूलूने डोळे मोठे केले, मग स्टिअरिंगवर थापा मारत हसत सुटला.

“अहो दाजी! केवढे बेरकी तुम्ही! आणि मी त्या मिस्त्रीच्या नावाने बोटं मोडतोय!”

“अरे, पण ऐक. सगळीकडे नाही—”

“आक्काला नाही सांगत, जा!”

त्याने किल्ली फिरवली आणि पाय दाबला. नोपने ताकद भरलेलं ते इंजिन असं गरजलं की वामेंगचे पुढचे शब्द त्याचे त्यालाच ऐकू आले नाहीत. काळा धूर तोंडावर आला. गाडी धुक्यात शिरली.

वामेंग खोकत उभा राहिला. पहिल्यांदा त्याला बरं वाटलं, अगदी मोकळं. पुढच्याच क्षणी त्याला आठवलं. वळणांवर नाही, हे सांगायचं राहिलं होतं. इंजिन बंद झालं की दोन-चारदा दाबल्यावर ब्रेक दगडासारखा घट्ट होतो, लागतच नाही, हेही राहिलं होतं. आणि वर एवढा माल!

त्याने फोन लावला. धुक्यात कुठली आलीय रेंज? तो बांधाच्या कडेला धावला. खाली घाट होता. भरल्या गाड्या पहिल्या गिअरमध्ये गुरगुरत उतरतात, तो आवाज शेतात नेहमी वर येतो. आताही येत होता.

पहिलं वळण झालं आणि आवाज थांबला.

“तूलू!” तो गळा फाडून ओरडला. “अरे तूलू!”

पाकूने हातातला कोबी खाली ठेवला. तिनेही कान दिला आणि तिचा चेहरा कौतुकाने फुलला.

“बघा तरी आमच्या तूलूची गाडी! एवढा माल भरलाय, पण हूं नाही की चूं नाही. त्या नोपच्या हाताला गुण आहे हो.”