हार्वर्डची मागची सीट

"आप्पा, विमान तुमच्याकडं," पुढच्या सीटवरून शिवलीला म्हणाली.

मागच्या सीटवरच्या सोमलिंग आप्पांनी विमान चालवायची दांडी धरली. अशाच मागच्या सीटवर बसून त्यांनी हवाई दलातल्या पोरांना उडायला शिकवलं होतं. त्याला पन्नास वर्षं झाली. तेव्हापासून आभाळात कुठं घरघर ऐकू आली की आप्पा भरलं ताट सोडून गच्चीवर पळत. आता पायलट लेकीनं कुठल्याशा क्लबचं जुनं हार्वर्ड विमान दोन दिवसांसाठी सोलापूरला आणलं होतं, ते केवळ त्यांच्यासाठी. मरायच्या आधी एकदा ते आपल्या हातानं चालवायचं, एवढंच त्यांना हवं होतं.

पण हात कुठं पूर्वीचे राहिले होते? चहाची बशी तोंडापर्यंत जाईस्तोवर निम्मी सांडायची.

होटगीचा तलाव मागं पडला, वळसंगची शेतं आली. दांडीवरचा हात थरथरत होता आणि विमान मात्र सरळ चाललं होतं. आप्पांच्या मनात पाल चुकचुकली. हार्वर्डमध्ये दोन सीटना दोन दांड्या, एकमेकींना जोडलेल्या. नवख्या पोराला 'तूच चालवतोयस' म्हणायचं आणि आपण दोन बोटांनी हळूच धरून ठेवायचं, हे त्यांनी स्वतः शंभरदा केलं होतं. पोरं बिचारी खूश व्हायची. आज लेक त्यांना तसंच खूश करत होती. आप्पांना राग आला, रडूही आलं. त्यांनी दांडी सोडून दिली आणि हात मांडीवर ठेवले. विमान तसंच पुढं चाललं. तोल नीट जुळवून दिलेलं हार्वर्ड शांत हवेत थोडा वेळ आपलं आपण सरळ जातं, हे पोरांना शिकवणारे आप्पा रागाच्या भरात साफ विसरले होते.

"शिवलीला, बापाला बनवतीस व्हय? दोन बोटं लावलीयस की."

पुढच्या सीटवरून दोन्ही हात डोक्याच्या वर गेले.

"तुमच्याकडं दिलं तेव्हाच मी सोडलंय, आप्पा. सिद्धेश्वराची शपथ."

म्हणजे वळसंगपर्यंत विमान त्यांनीच आणलं होतं. आप्पांनी मांडीवरच्या हातांकडं पाहिलं.

"अगं, मग आता कुणीच धरलेलं नाही. मीपण मघाशीच सोडलंय."

"मग धरा की," शिवलीला म्हणाली. तिनं हात खाली घेतले नाहीत.