चेनखालचं बोट

कच्च्या वाटेवरही पळणाऱ्या उंच मोटरसायकलवर माणूस बसला, की मागचा भाग दबून चेन ताणली जाते; आधीच घट्ट असेल तर तुटतेही. म्हणून गिऱ्हाइकाला सीटवर बसवल्याशिवाय हा मेकॅनिक चेनची ढील ठरवत नसे. त्याचाच मुलगा डोंगरात निघणार होता, तेव्हा चढासाठी बापानं मागचं दातेरी चाक मोठं बसवलं, नवी चेन चढवली. तिसऱ्याच घाटात चेन तुटून चाकात अडकली. गाडी परत आली, मुलगा नाही. “चेनच डुप्लिकेट निघाली,” सगळे म्हणाले. त्यानंही मान डोलावली. महिन्याभरानं सून म्हणाली, “बाबा, गाडी दुरुस्त करा. आता मी चालवणार.” त्यानं दुसरी चेन चढवली, तिला सीटवर बसवलं, चेनखाली बोट घातलं. “त्यालाही असंच बसवून बघितलं होतंत ना?” बोट तिथंच थिजलं. निघायच्या आदल्या दुपारी मुलगा इतका दमून झोपला होता, की उठवायचं बापाच्या जिवावर आलं होतं.