शांत हौद

शांत हौदातला नववा बेडूक मेला, तेव्हा वच्छला मेश्राम मटकन खाली बसली. शेजारच्या हौदापाशी सुकलू मडावी रिकामा डबा काठीने बडवत होता, आणि त्या हौदातले वीसच्या वीस बेडूक मजेत किडे खात होते.

व्हायला हवं होतं उलटं. वच्छलाच्या पीएचडीचा विषयच तो होता. बेडूक घाबरला की त्याच्या रक्तात एक रस उतरतो. घटकाभर उतरला तर जीव वाचवतो. पण रोजच उतरत राहिला तर अंगातली रोगाशी लढायची ताकद संपते आणि साधा ओरखडाही चिघळतो. हे सिद्ध करायला तिने आलापल्लीजवळच्या बोडीतून, म्हणजे गावतळ्यातून, चाळीस बेडूक धरून आणले आणि रोपवाटिकेतल्या दोन हौदांत वीस-वीस सोडले. एका हौदाला रोज चार वेळा घाबरवायचं. दुसऱ्याला कोणी बोटही लावायचं नाही.

घाबरवायच्या कामावर सुकलू होता. त्याच्या नेमणुकीच्या कागदावर 'काम : बेडूक घाबरवणे' असंच टाइप केलेलं होतं, खाली शिक्का होता. पहिल्या दिवशी तो ओशाळला. "बाई, यायनं माह्यं काय बिघडवलं?" म्हणाला. पण शिक्क्याचं काम ते शिक्क्याचं काम. सात, अकरा, तीन आणि सहा, ठरल्या वेळी डबा वाजायचा म्हणजे वाजायचाच. डबा कमी पडतोय असं वाटलं की तो शिव्या देई. नेहमीच्या शिव्या संपल्यावर त्याने खास साळ्यासाठी राखून ठेवलेल्याही बेडकांवर खर्च केल्या. गावातली माणसं बिड्या ओढत बघायला येत आणि चुकलेली शिवी सुधारून देत.

शांत हौद मात्र वच्छलाने कोणावर सोपवला नाही. तिकडची वाट तिने काट्या लावून बंद केली. कोंबड्या हाकलल्या. पावलांचा आवाज नको म्हणून ती चपला काढून जाई, श्वास धरून वाकून बघे, सगळे नीट आहेत अशी खात्री करून तशीच मागे फिरे, आणि वहीत वेळ टाकून 'शांत' असं लिही.

आज दुपारच्या एस.टी.ने नागपूरहून तिचे मार्गदर्शक सर येणार होते. प्रयोग फसला तर शिष्यवृत्ती बंद आणि तू घरी, हे त्यांनी आधीच बजावलं होतं. घर आरमोरीकडे. तिच्या मोहल्ल्यातून विद्यापीठापर्यंत पोचलेली ती पहिली मुलगी. बापाने, खुशालने, 'डॉ. कु. वच्छला खुशाल मेश्राम' ही पाटी आत्ताच दारावर ठोकून टाकली होती आणि लोक तिच्या आईकडे खोकल्याचं औषध मागायला येऊ लागले होते. आता कोणत्या तोंडाने परत जायचं?

"सुकलूभाऊ, खरं सांगा. हौद बदलले त नाई ना?"

सुकलूला हे लागलं. त्याने डबा खाली ठेवला. "बाई, मी इमानदारीनं बडवून राह्यलो. ते भेतच नाई त मी काय करू? आवाज आला का त्याईले समजते, सुकलू आला, बोंबलते अन् चालला जाते. जो बोंबलत येते तो खात नाई."

"मंग या हौदातले काऊन मरून राह्यले? इकडं त कोणीच येत नाई."

"तुमी येता नं."

"मी नुसती पाहून जाते, भाऊ! हातबी लावत नाई."

सुकलू अवघडला. शिकलेल्या बाईला कसं सांगावं, त्याला कळेना. शेवटी बोडीकडे बघत म्हणाला, "बगळाबी अगुदर हात नाई लावत, बाई. तोबी चपला घालत नाई. चुपचाप येते, वाकते, अन् टकमक पाह्यते. आता बेडकाले काय मालूम, तुमी शिकून राह्यल्या म्हणून?"

वच्छलाला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. नऊ जीव तिने बघून बघून मारले होते. तिने वही उघडली आणि 'शांत' रोज किती वेळा लिहिलंय ते मोजू लागली.

सर आले ते घामाने निथळत, दोन्ही हौदांतून एकदाच काढून पाठवलेल्या रक्ताचा अहवाल हातात घेऊनच. शांत हौदातल्या बेडकांच्या रक्तात तो रस डबावाल्या हौदाच्या तिप्पट होता.

"सगळं उलटं झालंय," सर म्हणाले. "आवरा सामान."

"उलटं नाही, सर. जे घाबरले तेच मेले. माझा सिद्धान्त बरोबर आहे. तक्त्यात एक नोंद तेवढी राहिली होती."

तिने तक्ता त्यांच्यापुढे उघडला. 'घाबरण्याचे कारण' या रकान्यात पहिल्या हौदापुढे लिहिलेलं होतं : 'डबा व शिव्या, दिवसातून चार वेळा'. दुसऱ्या हौदापुढची जागा तीन आठवडे कोरी होती. वच्छलाने सरांच्याच खिशातलं पेन मागून घेतलं आणि तिथे स्वच्छ अक्षरात लिहिलं : 'माझी काळजी, दिवसातून सव्वीस वेळा.'