खाली धरलेला हात

"तुमचे दादा दिसत नाहीत?" काउंटरवर गिटार ठेवत मास्तरांनी विचारलं.

"आत आहे," मी म्हणालो. दादाला जाऊन तीन महिने झाले, पण लोकांची हळहळ ऐकून मला वीट आलाय.

"मग त्यांनाच सांगा, तारा फार उंच झाल्यात. बोटं सोलून निघतात."

मास्तर गेले. मी गिटार आतल्या खोलीत नेली.

काम साधंच. तारांखालचा ब्रिज थोडा उतरवायचा, त्याच्या मागचा, तारांची टोकं अडकवायचा धातूचा टेलपीस पुसायचा, नव्या तारा ओवायच्या. फक्त हे दोन्ही तुकडे तारांच्या ताणावरच जागेवर बसतात. सगळ्या तारा एकदम काढून गिटार कलती केली, की पडलेच खाली. "एकेक तार बदल, गाढवा!" दादा डाफरायचा, आणि डाफरता डाफरता खाली हात धरायचा. वीस वर्षं मी त्या हाताच्या भरवशावर सहाही तारा एकदम काढल्या.

तीन महिने मात्र निमूटपणे एकेक बदलत होतो. आज ‘आत आहे’ म्हणून बसलो आणि काय झालं कोण जाणे, सगळ्याच काढल्या. गिटार कलती झाली. ब्रिज मी कसाबसा पकडला, टेलपीस निसटला.

"दादा, हात!" तोंडातून निघून गेलं.

खाली नुसती फरशी. मी डोळे गच्च मिटले आणि खणकन आवाज येईल म्हणून थांबलो.

घड्याळाची टिकटिक ऐकू येतेय. बाहेर कुणीतरी सायकल लावली, तेही ऐकू आलं.

डोळे अजून मिटलेलेच आहेत. टेलपीस अजून पडलेला नाही.