उत्तम शेवटाचं पितळी चाक

“तुमच्या कादंबरीतलं ते घड्याळ म्हणजे आपल्या काळजाची टिकटिक हो!” अध्यक्ष फोनवर म्हणाले. फोन ठेवला आणि बायकोकडे वळले. “काय कचरा लिहितो गं हा माणूस!”

“वाचलंत?”

“वाचायचं काय त्यात? वाफेवर उडणारं विमान, पितळी हाताचा सरदार, कपाळावर चष्मा चढवलेली पोरगी. पहिलं पान बघायचं, मधलं एक उघडायचं, झालं.”

अध्यक्ष म्हणजे स्टीमपंक लेखकमंडळाचे अध्यक्ष. जग विजेऐवजी वाफेवरच चालत राहिलं असतं तर, अशा कादंबऱ्या लिहिणारी ही मंडळी. एकमेकांना हात देणं हे मंडळाचं ध्येय. प्रत्यक्षात व्यवहार उसन्या साखरेचा होता: आज तू माझ्या पुस्तकाला वाटीभर ‘अप्रतिम’ दे, उद्या मी तुझ्या पुस्तकाला परत करतो. अध्यक्षांनी सगळ्यांच्या वाट्या शिगोशीग भरल्या होत्या. बोलायला काय पैसे पडतात?

त्यांच्या स्वतःच्या कादंबरीची गोष्ट मात्र निराळी. तिची स्तुती झाली ती खरी.

पावतीपुस्तकांपासून शेतकी पुस्तिकांपर्यंत हाताला लागेल ते छापणाऱ्या एका छापखान्यातून त्यांनी ती पदरमोड करून काढली होती. मंडळातल्या प्रत्येकानं एकेक प्रत विकत घेतली. “शेवटानं माझी झोप उडवली,” असं गॉगल म्हणाला. हा गॉगल कपाळावर पितळी चष्मा लावूनच बैठकीला यायचा. दृष्टीचा आणि त्या चष्म्याचा काही संबंध नव्हता. दातांच्या डॉक्टरीणबाई शेवटाला ढसाढसा रडल्या होत्या. तसं त्यांनी लेखी कळवलं होतं.

अध्यक्षांनी प्रत्येकाच्या प्रतीवर पहिल्या पानावर झोकात सही केली. स्वतःची प्रत मात्र प्लॅस्टिकच्या वेष्टनासकट काचेच्या कपाटात. सोनेरी मुखपृष्ठाला बोटं लागायला नकोत.

दाराची घंटा वाजली.

“कालचाच तो,” बायको हळूच म्हणाली. “कोंबड्या पाळतो म्हणे. तुमच्या पुस्तकाबद्दल विचारत होता.”

दारात एक माणूस उभा होता. हातात अंड्यांची पिशवी.

“साहेब, शेवटी तुमचा पत्ता होता म्हणून आलो. ती पोरगी विमानातून उडी मारते ना, ती का हो मारते? मला राहवेना.”

“का म्हणजे? पुस्तक वाचलं नाहीत का?”

“माझ्याकडे नुसता शेवट आहे, साहेब. सुरुवात कुठं मिळेल?”

“तुमच्यासारख्यांकडे नुसता शेवटच असायचा,” अध्यक्ष म्हणाले. “आधी सुरुवात विकत घ्या, मग या.”

“घरात सगळ्यांना वाचून दाखवला. म्हातारी रडली माझी.”

“बरं, बरं.” दार लागलं. अंडी बाहेरच राहिली.

“द्यायची होती एखादी प्रत,” बायको म्हणाली. “किती कळवळून विचारत होता.”

“फुकटे सगळे! शेवटापासून वाचणारा वाचक काय चाटायचाय? मंडळातले निदान जाणकार आहेत.”

मघाशी कचऱ्यात गेलेले लोक आता जाणकार झाले, याची बायकोनं मनात नोंद घेतली. संध्याकाळी समारंभ होता. इस्त्री व्हायची होती.

समारंभ मंडळाच्या सभागृहात झाला. उत्तम शेवटासाठीचं पितळी दातेचाक मंडळानं एकमतानं अध्यक्षांना दिलं. पाहुणे म्हणून एक मोठे प्रकाशक आले होते, आणि अध्यक्षांचा जीव त्या चाकात नव्हताच, या पाहुण्यांत होता.

“मी काही तुमचं पुस्तक वाचलेलं नाही,” प्रकाशक सरळ म्हणाले. असं उघड बोलायची मंडळात पद्धत नव्हती, त्यामुळे ते उद्धटच वाटलं. “पण शेवट सगळ्यांना आवडलाय म्हणता, तर तेवढाच ऐकवा. पटला, तर दुसरा भाग मी काढतो.”

इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली, ते एका पानावर आलं होतं. त्यांनी पिशवीतून आपली प्रत काढली, वेष्टन टर्रकन फाडलं, आणि मग मनाचा मोठेपणा सुचला.

“मी कशाला? ज्यांच्या डोळ्यांतून शेवट उतरला, त्यांनीच वाचावा. या, बाई.”

डॉक्टरीणबाईंचा चेहरा उतरला. “मी? अहो, मला परत रडू येईल.”

“येऊ दे!” अध्यक्ष म्हणाले.

बाईंनी शेवटचं पान काढलं, रुमाल तयार ठेवला. गॉगलनं आधीच डोळे मिटून घेतले. अध्यक्ष प्रकाशकांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले.

बाई दाटलेल्या आवाजात वाचू लागल्या, “पिल्लांना पहिल्या दिवशी कोमट पाणी पाजावे. नंतर भरडलेला मका द्यावा. खुराड्यात ओल राहू देऊ नये.”

एक हुंदका देऊन त्यांनी डोळे टिपले.

“वा!” गॉगल डोळे मिटूनच म्हणाला. “इथंच तर माझी झोप उडाली होती.”