जे रंगीत, ते सेवेत

“कान नीट बघ हं,” भाऊसाहेब म्हणाले. “मागे भांडारपालांचा एक कान रंगीत राहिला होता. चार महिने त्यांना कानापुरतं यावं लागलं.”

फोटोवाल्याने मान डोलावली आणि लॅपटॉपच्या पडद्यावर मॅडमचा कान मोठा केला.

वजनं तपासणाऱ्या त्या प्रयोगशाळेत बावीस वर्षांपूर्वी एकदाच सगळ्यांचा फोटो काढला होता. एकतीस माणसं, तीन रांगा. पुढे नियम झाला की जो निवृत्त होईल तो, आणि त्याच्या ताब्यात जे असेल ते, फोटोत काळं-पांढरं करायचं. माळी निवृत्त झाला तेव्हा झाड गेलं. देखभालवाले गेले तेव्हा भिंत गेली, आणि छपराला टेकलेला आकाशाचा तुकडाही. आता पहिल्या रांगेच्या टोकाला मॅडम तेवढ्या रंगीत उरल्या होत्या. भिंतीवरच्या चौकटीखाली पितळी पट्टी होती: ‘जे रंगीत, ते सेवेत.’ हजेरीपट भाऊसाहेबांकडे असे. त्यात एकच नाव होतं.

मॅडमचं निवृत्तीचं वय उलटून चौदा महिने झाले होते. फाटकाबाहेर त्यांची थोरली बहीण गाडीत बसली होती. मागच्या सीटवर दोघींच्या बॅगा होत्या. समुद्राकाठी दोन खोल्या घेऊन ठेवल्या होत्या. बहीण न्यायला आली, त्याची ही तिसरी खेप. सकाळीच तिने बजावलं होतं, “पाचपर्यंत बाहेर आली नाहीस तर मी एकटी जाते. आणि खिडकीकडचा पलंग माझा.”

पहिल्या खेपेला भाऊसाहेबांनी नियमाचं पुस्तक उघडलं होतं. सगळा फोटो काळा-पांढरा झाला की विभाग बंद, आणि बंद विभागाला कुणालाच कार्यमुक्त करता येत नाही. दुसऱ्या खेपेला त्यांनी तेच पान दाखवलं, पण सोबत चहा दिला. आज त्यांनी बिस्किटंही आणली होती.

“फोटो जरा डावीकडे सरकव,” मॅडम फोटोवाल्याला म्हणाल्या.

फोटोत त्यांच्या कोपराशेजारी, भिंतीलगत, आग विझवायच्या वाळूची बादली होती. लालभडक.

“हिचा रंग कसा राहिला?”

“कुणाच्याच ताब्यात नव्हती, मॅडम,” भाऊसाहेब म्हणाले.

मॅडमनी पितळी पट्टीकडे बोट केलं. “भाऊसाहेब, माणूसच हवा असं इथे कुठे लिहिलंय?”

भाऊसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. पट्टी वाचली. मग पुस्तक वाचलं. पुस्तकातही लिहिलेलं नव्हतं.

मॅडमनी कागद ओढला आणि कार्यभार लिहून काढला. एक किलोचं प्रमाण वजन, एक. काचेची हंडी, एक. चिमटे, दोन. कपाटाची किल्ली, एक. सर्व सुस्थितीत बादलीकडे सुपूर्द.

“बादलीला हरकत नोंदवायला तीन दिवसांची मुदत द्यावी लागेल,” भाऊसाहेब म्हणाले.

“बावीस वर्षांत तिने कशालाच हरकत घेतलेली नाही.”

“तसे आपल्याकडे बरेच जण होते,” फोटोवाला पुटपुटला. मग तो पडद्यावर वाकला. “मॅडम, एक अडचण आहे. बादलीचा लाल तुमच्या कोटाच्या डाव्या बाहीवर पडलाय. ठेवू?”

“ठेव ना!” भाऊसाहेबांचा चेहरा खुलला. “डाव्या बाहीला काय, सोमवार ते शुक्रवार यायचं. अर्धा दिवस चालेल.”

“तो रंग बाहीचा नाही. बादलीवरून उडालेला उजेड आहे,” मॅडम म्हणाल्या. “काढ.”

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. पाचला सात मिनिटं होती.

“सही तुम्हीच करा,” भाऊसाहेब नेहमीसारखं म्हणाले. “माझी चालत नाही.”

मॅडमनी कार्यभाराच्या आणि कार्यमुक्तीच्या, दोन्ही कागदांवर सह्या केल्या. कार्यभार देणारी म्हणून एक, स्वतःला कार्यमुक्त करणारी म्हणून एक. फोटोवाल्याने बटण दाबलं. कोटाखालचा निळा पोशाख राखाडी झाला. मग चेहरा. पडद्यावर नखाएवढी लाल बादली तेवढी राहिली.

मॅडमनी कोट काढून खुंटीला लावला. भाऊसाहेब बिस्किटांचा पुडा उघडत होते. तो उघडेना.

“म्हणजे उद्यापासून इथे कुणीच नाही,” ते पुड्याकडे बघत म्हणाले.

“बादली आहे.”

“बादलीला कसलं काम असतं?”

मॅडम दारापर्यंत गेल्या होत्या. हॉर्न पुन्हा वाजला, या वेळी लांबलचक. त्या परत आल्या. कोपऱ्यातल्या खऱ्या बादलीमागचं लहानसं खुरपं त्यांनी उचललं, फुंकर मारून धूळ उडवली आणि भाऊसाहेबांच्या टेबलावर ठेवलं.

“वाळू उकरावी लागते. नाहीतर घट्ट बसते, आणि आग लागली की उपयोग नाही. कुणीतरी यायला हवं.”

“आठवड्यातून एकदा?”

“रोज केलेलं बरं.”

भाऊसाहेबांनी खुरपं हातात घेतलं आणि घाईघाईने उठून, कामावर हजर झाल्यासारखी, घड्याळात वेळ बघितली. भिंतीवरच्या फोटोत, दुसऱ्या रांगेत डावीकडून तिसरे उभे असलेले भाऊसाहेब गेली सहा वर्षं काळे-पांढरे होते.